सहाचे दोन कुठे होतात? गेम कन्सोलचा सराउंड आवाज साउंडबारपर्यंत का पोहोचत नाही

कन्सोल सहा चॅनेलचा, म्हणजे सहा स्पीकरांना वेगवेगळा जाणारा आवाज तयार करतो. साउंडबारला सहा चॅनेल वाजवता येतात. तरीही वाटेत कुठेतरी त्या सहाचे दोन होतात आणि मागचे स्पीकर शोभेला उरतात. साउंडबार बिघडलाय, केबल खराब आहे, कन्सोल परत करावा, असे निष्कर्ष लगेच निघतात. बहुतेक वेळा दोष टीव्हीच्या मेनूतल्या एका ओळीत असतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी किंवा कुणाला बोलवण्याआधी खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं, ते नीट ठरवा. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

- मागचे स्पीकर पूर्ण गप्प, पुढचा बार व्यवस्थित. साउंडबारला दोनच चॅनेल मिळताहेत, किंवा मागचे स्पीकर बारशी जोडलेलेच नाहीत.
- मागून आवाज येतो, पण पुढे जे तेच मागे. गेममध्ये कॅमेरा फिरवला तरी काही बदलत नाही. हा खरा सराउंड नव्हे. साउंडबार दोन चॅनेल पसरवून मागे टाकतोय.
- संगीत आणि स्फोट दणदणीत, संवाद मात्र पुसट किंवा गायब. मधला, म्हणजे सेंटर चॅनेल वाटेत सांडतोय.
- आवाजच नाही, किंवा नुसती खरखर. साउंडबारला किंवा टीव्हीला न उलगडणारा फॉरमॅट जातोय.
- टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावला तर ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजेच सहा चॅनेल), गेम लावला तर स्टिरिओ. साउंडबार आणि त्याची केबल ठीक आहे. दोष कन्सोल ते टीव्ही या टप्प्यात आहे.
- आवाज मधूनमधून सेकंदभर तुटतो. केबल, किंवा ईआर्कची (टीव्हीकडून आवाज बारकडे नेणाऱ्या एचडीएमआयच्या वाटेची) जोडणी.
- काल चाललं, आज नाही. मध्ये वीज गेली होती किंवा टीव्हीने रात्री अपडेट घेतला.

१. साउंडबार मुळात किती चॅनेलचा आहे?

ही तपासणी करायला लोकांना लाज वाटते, पण बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर. ३.१ मध्ये संवादांसाठी सेंटरची भर पडते. मागचा आवाज दोन्हीत नाही. खोक्यावर डॉल्बीचं चिन्ह असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की बारला डॉल्बी संकेत (दाबून बांधलेला आवाज) वाचता येतो. वाचून झाल्यावर तो त्याचे दोन किंवा तीनच चॅनेल करून वाजवेल. खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्याचा तर चॅनेलशी काडीचाही संबंध नाही.

उलटा प्रकारही बाजारात आहे. मागचे दोन स्पीकर मिळतात, ५.१ असं ठळक छापलेलं असतं, पण डॉल्बी उलगडणारी चिपच आत नसते. असा बार एचडीएमआयवरून दोन चॅनेलचा पीसीएमच (न दाबलेला, कच्चा आवाज) घेतो आणि तोच मागे पसरवतो. माहितीपुस्तिकेत 'सपोर्टेड ऑडिओ फॉरमॅट' ही ओळ शोधा. तिथे फक्त पीसीएम लिहिलं असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

२. बारच्या डिस्प्लेवर काय उमटतंय?

या सगळ्या शोधातलं सर्वांत उपयोगी साधन हेच. बहुतेक साउंडबार येणाऱ्या आवाजाचा प्रकार दाखवतात. कुठे इनपुट बदलताच ते नाव डिस्प्लेवर सरकत जातं, कुठे रिमोटवरचं इन्फो किंवा डिस्प्ले बटण दाबावं लागतं, कुठे फोनमधल्या ॲपमध्ये दिसतं.

'पीसीएम' किंवा 'पीसीएम २.०' दिसत असेल तर सहाचे दोन आधीच झालेले आहेत. बारचा दोष नाही, मागे जाऊन शोधा. 'डॉल्बी डिजिटल', 'मल्टीचॅनेल पीसीएम', 'ॲटमॉस' (वरून येणारा आवाजही धरणारा डॉल्बीचा प्रकार) यातलं काही दिसत असूनही मागचे स्पीकर गप्प असतील, तर दोष बारमध्ये किंवा मागच्या स्पीकरांच्या जोडणीत आहे. मग टीव्हीच्या मेनूत शिरू नका.

हे बघताना बारचा साउंड मोड 'स्टँडर्ड' ठेवा. 'सराउंड', 'गेम', 'ॲडॅप्टिव्ह' अशा नावाचे मोड दोन चॅनेलचा आवाज कृत्रिमरीत्या सगळ्या स्पीकरांवर पसरवतात आणि दिशाभूल होते. मागून आवाज येणं म्हणजे सराउंड नव्हे. गेममध्ये एखाद्या धबधब्याशेजारी किंवा शेकोटीशेजारी उभे राहा आणि कॅमेरा हळूहळू गोल फिरवा. आवाज पुढून डावीकडे, मग मागे आणि उजवीकडून परत पुढे यायला हवा. जागचा हलला नाही तर तो स्टिरिओच आहे, मग मागचे स्पीकर कितीही वाजोत.

३. दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी

मागच्या स्पीकरांना वायरलेस म्हणत असले, तरी त्यांना किंवा त्यांच्या रिसीव्हर डबीला वीज लागतेच. सॉकेटचं बटण बंद राहणं हा अगदी नेहमीचा दोष. त्यावरचा दिवा स्थिर पेटलेला हवा. लुकलुकत असेल तर जोडणी तुटली आहे, पुस्तिकेत दिलेली जोडणीची कृती पुन्हा करा. वीज जाऊन आल्यावर हे हमखास होतं. मागच्या स्पीकरांची पातळी बारच्या मेनूत वेगळी असते. चाचणीपुरती ती दोन-तीन पायऱ्या वर न्या.

कंट्रोलरला हेडफोन खोचलेला असेल तर काढा. प्लेस्टेशन ५ तो दिसताच आवाज तिकडे वळवतो.

गेमच्या स्वतःच्या ऑडिओ मेनूतही डोकवा. अनेक गेममध्ये 'हेडफोन', 'टीव्ही स्पीकर', 'होम थिएटर' अशी निवड असते. तिथे हेडफोन किंवा स्टिरिओ राहिलं, तर कन्सोलचं सगळं बरोबर असूनही बाहेर दोनच चॅनेल पडतात. एकाच गेममध्ये अडचण आणि बाकी सगळीकडे ठीक असेल तर कारण जवळपास नेहमी हेच.

साउंडबार ब्लूटूथवर नाही ना, हेही बघा. तिथून टीव्हीचा आवाज दोनच चॅनेलचा येतो. ३.५ मिमीच्या पिनेतूनही तेच.

४. सगळं बंद, मग ठरावीक क्रमाने सुरू

टीव्ही, बार आणि कन्सोल चालू होताना एकमेकांना आपली ओळख सांगतात. टीव्ही कन्सोलला एक ओळखचिठ्ठी देतो, तिला ईडीआयडी म्हणतात: मला अमुक रिझोल्यूशन चालतं, अमुक आवाज चालतो. कन्सोल तेवढंच पाठवतो. वीज आल्यावर तिन्ही वस्तू एकदम जाग्या झाल्या आणि बार टीव्हीच्या नंतर तयार झाला, तर टीव्ही 'मला स्टिरिओ चालतो' अशी चिठ्ठी देऊन मोकळा होतो. कन्सोल मग तेच धरून बसतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे हा दोष आठवड्याला भेटतो.

कृती अशी. कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड किंवा स्लीप चालत नाही. प्लेस्टेशन ५ वर पॉवर मेनूतून 'टर्न ऑफ' निवडा, एक्सबॉक्सवर पुढचं बटण १० सेकंद दाबून धरा. तिन्हींच्या पिना भिंतीतून काढा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो. दोन मिनिटं थांबा. आधी बार लावा, तो तयार झाला की टीव्ही, टीव्हीचं चित्र स्थिरावलं की कन्सोल. हा क्रम उलटा करू नका.

५. केबल कुठल्या भोकात आहे?

टीव्हीवर तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी आवाज परत बाहेर पाठवणारा बहुधा एकच असतो. त्यावर आर्क किंवा ईआर्क असं छापलेलं असतं. बारकडची केबल त्याच पोर्टमध्ये हवी. बारवर दोन पोर्ट असतील तर 'एचडीएमआय आउट, टीव्ही' हा घ्या. 'एचडीएमआय इन'मध्ये खोचली तर बार गप्प बसेल, आणि मग लोक नाद सोडून ऑप्टिकल लावतात.

ऑप्टिकलच वापरायची असेल तर तिच्या दोन्ही टोकांवरची पारदर्शक टोपणं काढली आहेत ना, ते बघा. लाल प्रकाश टोपणातूनही दिसतो, म्हणून ती राहून जातात. शिवाय काही जुने टीव्ही आपल्या आतल्या ॲपचा ५.१ आवाज ऑप्टिकलवर देतात, पण एचडीएमआयने आलेल्या कन्सोलचा आवाज दोन चॅनेल करूनच सोडतात. त्यावर मेनूत उपाय नाही.

६. कन्सोलची सेटिंग

प्लेस्टेशन ५: सेटिंग्ज → साउंड → ऑडिओ आउटपुट. 'एचडीएमआय डिव्हाइस टाइप'मध्ये 'साउंडबार' निवडा. टीव्ही ठेवलं असेल तर कन्सोल टीव्हीच्या दोन स्पीकरांचा विचार करूनच आवाज मिसळतो. साउंडबार निवडूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर तिथेच 'एव्ही ॲम्प्लिफायर' निवडून चॅनेलची संख्या ५.१ किंवा ७.१ ठेवून बघा. टीव्हीच्या स्पीकरांसाठीचा थ्रीडी ऑडिओ बंद ठेवा. तो दोन स्पीकरांतून भास निर्माण करण्यासाठी आहे, खरे मागचे स्पीकर असताना नुसता घोळ घालतो.

त्याखाली 'ऑडिओ फॉरमॅट, प्रायॉरिटी'. इथे तुमचा टीव्ही आणि बार आर्कवाले की ईआर्कवाले यावर उत्तर ठरतं:

- आर्क किंवा ऑप्टिकल: डॉल्बी डिजिटल.
- ईआर्क दोन्हीकडे: लिनियर पीसीएम. ॲटमॉसचा बार असेल तर डॉल्बी ॲटमॉस. हा पर्याय सप्टेंबर २०२३ च्या सिस्टिम अपडेटपासून आहे, तो दिसत नसेल तर आधी कन्सोल अपडेट करा.

ब्लू-रे डिस्कची सेटिंग वेगळी असते. डिस्क चालू असताना प्लेअरच्या मेनूत जाऊन ऑडिओ फॉरमॅट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) करावा लागतो.

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस: सेटिंग्ज → जनरल → व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट. ईआर्क असेल तर '५.१ अनकम्प्रेस्ड' किंवा '७.१ अनकम्प्रेस्ड'. साधा आर्क असेल तर 'बिटस्ट्रीम आउट' आणि त्याखाली 'डॉल्बी डिजिटल'. ॲटमॉससाठी 'डॉल्बी ॲक्सेस' हे ॲप उतरवावं लागतं. होम थिएटरसाठी ते फुकट आहे, पैसे पडतात ते हेडफोनच्या ॲटमॉसला. ॲपमधले नमुना व्हिडिओ चाचणीला उत्तम.

हवा तो पर्याय करडा दिसत असेल किंवा निवडल्यावर कन्सोल कुरकुरत असेल, तर कन्सोलवर चिडू नका. टीव्हीने दिलेल्या चिठ्ठीत तो फॉरमॅट नाही, एवढंच. पुढच्या तपासणीकडे वळा.

निनटेंडो स्विच: सिस्टिम सेटिंग्ज → टीव्ही आउटपुट → टीव्ही साउंड → सराउंड. मेख अशी की स्विच डॉल्बी पाठवतच नाही, सहा चॅनेलचा कच्चा पीसीएम पाठवतो. साध्या आर्कवर तो कच्चा जाऊ शकत नाही. टीव्हीने आत त्याचा डॉल्बी बनवून दिला तरच जमतं, आणि बरेच टीव्ही ते करत नाहीत. वर सांगितलेलं संवाद गायब होण्याचं लक्षण स्विचवर सर्वाधिक दिसतं. तसं झालं तर सराउंडऐवजी स्टिरिओ ठेवा, निदान संवाद तरी ऐकू येतील.

आर्कमध्ये सहा का मावत नाहीत

थोडं गणित केलं की वरच्या सगळ्या निवडी पाठ कराव्या लागत नाहीत. ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचा दोन चॅनेलचा पीसीएम म्हणजे सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट. सहा चॅनेलला तेच ४६ लाख ८ हजार. आर्क आणि ऑप्टिकल या दोन्ही वाटा दोन चॅनेलच्या पीसीएमच्या मापाने आखलेल्या आहेत. कच्चे सहा चॅनेल त्यातून जात नाहीत. डॉल्बी डिजिटलने दाबून बांधलेलं ५.१ जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटचं असतं, ते आरामात जातं.

आर्क आला २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ सोबत. ईआर्क आला २०१७ मध्ये, २.१ सोबत. तो आठ चॅनेलचा कच्चा पीसीएम, डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे सगळं वाहून नेतो. पण टीव्ही आणि बार दोन्हीकडे ईआर्क हवा. एकीकडे नसेल तर जोडणी गुपचूप आर्कवर उतरते, कुठलाही इशारा देत नाही. नवा बार, जुना टीव्ही, कन्सोलवर लिनियर पीसीएम: मागचे स्पीकर गप्प असल्याचं सर्वांत नेहमीचं त्रिकूट हेच. कन्सोलला डॉल्बी डिजिटल सांगितलं की पुढच्या सेकंदाला मागचे स्पीकर बोलू लागतात.

७. टीव्हीचा मेनू

इथे घाई करू नका. सहाचे दोन करणारा चोर बहुतेक वेळा या घरात सापडतो.

पहिलं, सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देणं) चालू हवं. आर्कची जोडणी त्यावरच उभी राहते. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. ईआर्कला कागदोपत्री सीईसी लागत नाही, पण टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमीजास्त करायला लागतं, म्हणून चालूच ठेवा.

दुसरं, साउंड आउटपुट बाहेरच्या बारवर आहे का. टीव्ही अपडेट घेतल्यावर काही वेळा ते परत टीव्हीच्या स्पीकरांवर जातं.

तिसरं आणि मुख्य, डिजिटल आउटपुटचा फॉरमॅट. सॅमसंगमध्ये साउंड → एक्स्पर्ट सेटिंग्ज → डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट. एलजीमध्ये डिजिटल साउंड आउटपुट. सोनीमध्ये डिजिटल ऑडिओ आउट. इथे 'पीसीएम' असेल तर खेळ खलास, टीव्ही आलेल्या सगळ्याचे दोन चॅनेल करून पुढे ढकलतो. 'पास थ्रू' असेल तर ते निवडा, नसेल तर 'ऑटो'. सोनीत 'ऑटो १' ठेवा आणि पास थ्रू मोडही ऑटोवर असू द्या. पास थ्रूमध्ये टीव्ही आवाजाला हात न लावता तो बारकडे सोडतो. त्यामुळे आवाज उशिरा येण्याची तक्रारही कमी होते.

चौथं, काही एलजी आणि जुन्या सॅमसंग टीव्हींत 'एचडीएमआय इनपुट ऑडिओ फॉरमॅट' अशी आणखी एक ओळ असते आणि ती प्रत्येक पोर्टला वेगळी असते. आउटपुट नीट असूनही कन्सोलच्या पोर्टला इथे पीसीएम राहिलं असेल, तर डॉल्बी आतच येणार नाही. टीव्हीच्या ॲपवर ५.१ आणि गेममध्ये स्टिरिओ, या लक्षणाचं मूळ इथे असू शकतं.

पाचवं, ईआर्क. कित्येक टीव्हींत तो मेनूत बंद ठेवूनच येतो. 'ऑन' किंवा 'ऑटो' करा. बारच्या मेनूतही ईआर्क वेगळा चालू करावा लागतो का ते पुस्तिकेत पाहा.

हे सगळं बदलल्यावर चौथ्या तपासणीतला क्रम पुन्हा एकदा करा. नवी चिठ्ठी कन्सोलच्या हाती पडल्याशिवाय फरक दिसत नाही.

डीटीएस या डॉल्बीच्या प्रतिस्पर्धी फॉरमॅटबद्दल दोन शब्द. कन्सोलच्या यादीत तो पर्याय दिसतो म्हणून निवडू नका. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढून टाकलं. एलजीनेही २०२० ते २०२२ च्या टीव्हींत ते दिलं नव्हतं. अशा टीव्हीतून डीटीएस पाठवला तर आवाजच येत नाही. डॉल्बी निवडा आणि विषय संपवा.

टीव्हीचे आणि बारचे स्पीकर एकत्र वाजवणाऱ्या सोयी, उदाहरणार्थ सॅमसंगचं क्यू-सिंफनी, शोध चालू असेपर्यंत बंद ठेवा.

८. केबल

केबल आठव्या क्रमांकावर का, असं वाटेल. कारण लोक पहिल्यांदा तीच बदलतात आणि साप समजून भुई धोपटतात. केबल खराब असेल तर आवाज तुटतो किंवा येतच नाही. 'स्थिर, स्वच्छ, पण स्टिरिओ' हा सहसा केबलचा दोष नसतो.

तरी एक गैरसमज दूर करायला हवा. टीव्हीवर चित्र झकास येतंय म्हणजे केबल चांगली, असं नाही. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात. आवाज परत नेण्याचं काम त्यातल्या १४ आणि १९ क्रमांकाच्या पिना करतात, चित्र वेगळ्या पिनांवरून येतं. काही स्वस्त केबलींत १४ नंबरची तार जोडलेलीच नसते. चित्र उत्तम, आर्क बंद, असं त्यातूनच होतं.

आधी घरातली दुसरी केबल लावून बघा, शक्यतो कन्सोलच्या खोक्यात आलेली. पैसे घालायचेच असतील तर 'अल्ट्रा हाय स्पीड' असं छापलेली, खोक्यावर स्कॅन करायचं प्रमाणपत्राचं लेबल असलेली, दोन मीटरपर्यंतची केबल घ्या. सोन्याचा मुलामा, जाड विणकाम, 'आठ-के' असली भाषा यावर विश्वास ठेवू नका.

इंटिरिअरच्या कामात भिंतीतल्या पाइपात ओढलेली आठ-दहा मीटरची केबल हा वेगळा त्रास. ती वळणावर मुरगळलेली असते आणि बाहेर काढता येत नाही. चाचणीसाठी बार टीव्हीजवळ आणून छोट्या केबलने जोडा. जमलं तर दोषी भिंतीतली केबल. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने पिनांवर थर चढतो. वीज बंद करून केबल पाच-सहा वेळा आत-बाहेर केली की संपर्क सुधारतो. पोर्टमध्ये टाचणी, पाणी किंवा तेल घालू नका.

आवाज तुटत असेल तर एक फुकटची परीक्षा आहे. टीव्हीत ईआर्क बंद करा, कन्सोलवर डॉल्बी डिजिटल लावा, अर्धा तास खेळा. तुटणं थांबलं तर केबल ईआर्कचा वेग पेलत नाही किंवा टीव्ही आणि बारचं ईआर्कवर जमत नाही. तुम्हाला ॲटमॉस नकोच असेल तर तसंच चालू ठेवायला काही हरकत नाही. ५.१ च्या स्पीकरांवर फरक फार जाणवत नाही.

९. टीव्हीला वगळून बघा

बारला 'एचडीएमआय इन' असेल तर कन्सोल थेट त्यात लावा आणि बारमधून निघालेली केबल टीव्हीला जाऊ द्या. आता आवाज टीव्हीत शिरतच नाही. मागचे स्पीकर लगेच चालले, तर टीव्ही हाच सहाचे दोन करत होता हे सिद्ध झालं. स्विचवाल्यांसाठी तर हाच कायमचा उपाय आहे.

याची किंमत मोजावी लागते ती चित्रात. पुष्कळ बारमधून ४के चित्र ६० हर्ट्झपर्यंतच जातं, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) जात नाही. स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला हे परवडणार नाही, निवांत कथा खेळणाऱ्याला कळणारही नाही.

मध्ये एचडीएमआय स्विच, स्प्लिटर किंवा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर असेल तर तो काढून चाचणी करा. एक्स्ट्रॅक्टरच्या बाजूला बारीक सरकपट्टी असते, तिच्यावर 'पास', '२ सीएच', '५.१ सीएच' असं लिहिलेलं असतं. २ वर असेल तर सगळी वणवण त्या नखाएवढ्या पट्टीपायी. ५.१ वर सरकवा आणि कन्सोल पुन्हा सुरू करा. ईआर्क नसलेल्या टीव्हीसाठी नवा एक्स्ट्रॅक्टर घ्यायचा विचार असेल, तर तुमच्या कन्सोलचं रिझोल्यूशन आणि एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) तो पार जाऊ देतो का, हे आधी विचारा. स्वस्तातले १२० हर्ट्झला अडतात.

१०. अपडेट आणि फॅक्टरी रीसेट

टीव्ही आणि बार दोन्हींचं सॉफ्टवेअर ताजं करा. बारचं अपडेट लोक विसरतात, कारण ते बहुधा फोनच्या ॲपमधून किंवा पेन ड्राइव्हने करावं लागतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर बार कायमचा मुका होऊ शकतो. वीज बेभरवशाची असेल तर इन्व्हर्टरवर घ्या.

त्यानंतरही जमलं नाही तर आधी बार फॅक्टरी रीसेट करा. टीव्ही शेवटी, कारण त्यात चॅनेल, वायफाय आणि सगळी ॲप परत लावावी लागतात. रीसेटआधी टीव्हीच्या साउंड मेनूचे फोटो काढून ठेवा. रीसेटनंतर डिजिटल आउटपुट परत पीसीएमवर गेलेलं असू शकतं, ते पहिल्यांदा बघा.

आवाज मागे पडत असेल तर

बंदुकीचा चाप आधी आणि आवाज नंतर, हे डॉल्बी बांधण्या-सोडण्यात जाणाऱ्या वेळेमुळे होतं. ईआर्क असेल तर लिनियर पीसीएम लावा, तिथे ते काम उरत नाही. टीव्ही गेम मोडवर आणि डिजिटल आउटपुट पास थ्रूवर ठेवा. बारचा ऑडिओ डिले शून्यावर आणा. तो आवाज आणखी मागे ढकलतो, पुढे ओढत नाही.

इथे थांबा

पुढची लक्षणं दिसली तर मेनू चाळणं सोडा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.

- दोन वेगवेगळ्या केबली आणि दोन वेगवेगळी यंत्रं लावूनही टीव्हीचा आर्क पोर्ट प्रतिसाद देत नाही, बाकीचे पोर्ट चालतात. विजांच्या पावसानंतर असं झालं असेल तर पोर्टचा भाग जळलेला असू शकतो. छतावरच्या डिशच्या केबलमधून आलेला झटका सेट टॉप बॉक्सवाटे एचडीएमआयपर्यंत पोहोचतो. हे मदरबोर्डचं काम आहे.
- पोर्ट सैल झालाय, आत वाकलेली पिन दिसते, किंवा केबल धरून ठेवली तरच आवाज येतो. चिमट्याने पिन सरळ करायला जाऊ नका, शेजारची मोडेल.
- बारमधून किंवा मागच्या स्पीकरच्या ॲडॅप्टरमधून जळका वास, गुणगुण किंवा चटका बसेल इतकी उष्णता. ताबडतोब पिन काढा. बार उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पिन काढल्यावरही काही काळ विजेने भरलेले असतात. वॉरंटी जाते ती वेगळीच.
- बारच्या डिस्प्लेवर डॉल्बी स्पष्ट दिसतंय, मागचे स्पीकर जोडले गेल्याचा दिवा स्थिर आहे, पातळी वाढवली आहे, तरी एकच बाजू गप्प. डावा आणि उजवा मागचा स्पीकर अदलाबदल करता येत असतील तर करून बघा. गप्प राहणारी बाजू बदलली तर स्पीकर खराब, नाही तर बार किंवा रिसीव्हर.
- टीव्ही भिंतीला घट्ट बसवलाय आणि पोर्टपर्यंत हात जात नाही. ५५ इंची टीव्ही एकट्याने ब्रॅकेटवरून उतरवू नका, बसवणाऱ्याला बोलवा.

तंत्रज्ञ येण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: टीव्हीचा आणि बारचा पूर्ण मॉडेल नंबर, टीव्हीच्या ॲपवर आणि कन्सोलवर बारच्या डिस्प्लेवर उमटणारे शब्द वेगवेगळे, ईआर्क बंद केल्यावर काय होतं, आणि कन्सोल थेट बारला लावल्यावर काय होतं. तो 'साउंडबारच बदलावा लागेल' म्हणाला, तर आधी दुसऱ्या टीव्हीला, शेजाऱ्यांच्या असला तरी चालेल, तोच बार लावून ५.१ वाजतो का ते त्याच्यासमोर पाहा.